दि थंडरबोल्ट्स, तालुका वाळवा

कार्यक्रम कसा आखावा हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडं यावं, असं मी त्या वर्षी माघ महिन्यापर्यंत भेटेल त्याला सांगत होतो. फाल्गुनात सांगायचं बंद केलं. मधल्या काळात काय घडलं ते ऐका आणि जमल्यास हसू नका.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमचा बँड होता. बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं लाल कोट, पितळी पिपाण्या आणि नवरदेवापुढं नाचणारे मामा आले असतील तर ते आधी पुसून टाका. आमच्या खोरेवाडीला ते शेवटपर्यंत पुसता आलं नाही, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो. आमचा बँड गिटारीचा. मानसिंग गिटार वाजवायचा, सयाजी ड्रम बडवायचा आणि मी, कृष्णात, गायचो. शिवाय मॅनेजरही मीच, कारण सायकल माझ्याकडं होती. गाणी आमची आम्ही रचलेली. तीन मिनिटांत आटपणारी, उधळलेल्या खोंडासारखी पळणारी, धृपद एकदा ऐकलं की आठवडाभर डोक्यातून न जाणारी. बँडचं नाव 'दि थंडरबोल्ट्स'. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असा दुसरा बँड नाही, असं मी म्हणायचो. ते खरंही होतं. दुसऱ्या कुणाला काढायचाच नव्हता.

साताऱ्याच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही वाजवलं तेव्हा तिथल्या एका पेपरानं आमची दखलसुद्धा घेतली. 'शेवटी तीन मुलांनी विजेवर चालणारी वाद्ये वाजवली. त्यानंतर आभारप्रदर्शन झाले.' ते कात्रण मी पाकिटात ठेवलं होतं.

"ह्यात चांगलं काय हाय रं?" सयाजीनं विचारलं.

"वाईट तरी काय हाय?" मी म्हणालो.

पण मानसिंगच्या वडिलांना तेवढ्यानं भागेना. सुभेदार नानासो म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले, पण पलटण त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. त्यांच्या गोठ्यात म्हशीसुद्धा एका रेषेत बांधलेल्या. त्यांनी आम्हा तिघांना अंगणात उभं केलं आणि निकाल सांगितला.

"फुडल्या महिन्यात साताऱ्याला भरती हाय. त्येच्या आत कुठल्या पेपरात ह्येच्या वाजवन्याबद्दल चार बरे शब्द छापून आले तर वाजवू दे. न्हाई तर गिटार माळ्यावर आन् पोरगं रांगेत. माझा शब्द म्हंजी शब्द."

मानसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. भरतीला तो भीत नव्हता, त्या घरात तीन पिढ्या कुणी भ्यालं नव्हतं. पण त्याची बोटं त्या तारांवरच राहिलेली. त्या दिवसापासून तो ताटावर बसायचा आणि भाकरीचे तुकडे करून तसाच उठायचा. त्याची आई आक्काताई मला विहिरीवर गाठून म्हणाली, "कृष्णात, लेकरू धड जेवंना. तू मॅनेजर न्हवं का? मग कायतरी कर बाबा."

आता आलं का माझ्यावर? मग मी योजना आखली.

सांगलीत 'हळदनगरी' नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यात अप्पासाहेब बुधगावकर संगीतावर लिहायचे. जन्म नाट्यसंगीतात गेलेला माणूस. त्यांनी आजवर कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणजेच ते ज्याला चांगलं म्हणतील त्याच्यापुढं सुभेदारही गप्प बसतील, असा माझा हिशोब. मी सांगली गाठली. अप्पासाहेब झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"गिटार?" ते म्हणाले. "ठीक आहे. कानाला सगळंच ऐकवावं एकदा. मात्र साडेसहाच्या गाडीनं मी परत फिरणार. मी कुठं मुक्काम करत नाही."

इथं मी थांबायला हवं होतं. माणूस येतो म्हणालाय, उठावं आणि घरी जावं. पण जिभेला हाड नाही. मला वाटलं, आणखी थोडं लोणी लावू.

"आपण प्रमुख पाहुणे म्हणूनच यावं," मी म्हणालो.

झालं! समीक्षक आला असता तर कोपऱ्यात बसून, ऐकून निघून गेला असता. प्रमुख पाहुणा आला की त्याचा सत्कार करावा लागतो. आमच्या भागात सत्कार ही गोष्ट एकटी येत नाही.

पहिल्यांदा सरपंच दादासोंनी मला बोलावून घेतलं. "पावन्याचा सत्कार कुनाच्या हस्ते?"

"तुमच्याच की."

"आन् माझा?"

"तुमचा कशापायी?"

"आरं, गावचा पयला मानूस दुसऱ्याच्या गळ्यात हार घालनार आन् सोता रिकाम्या गळ्यानं बसनार? सांगलीचा मानूस काय म्हनंल?"

मग सरपंचांचा सत्कार दूध सोसायटीचे चेअरमन धोंडिराम यांच्या हस्ते ठरला. मग धोंडिराम रिकाम्या गळ्यानं कसे बसतील? त्यांचा सत्कार महिला मंडळाच्या लक्ष्मीबाईंच्या हस्ते. लक्ष्मीबाईंचा पुन्हा हेडमास्तरांच्या हस्ते. सत्कार करील त्याचा सत्कार, हा नियम, आणि ज्याचा सत्कार होईल त्याचं भाषण, हा दुसरा नियम. सयाजीला घाम फुटला.

"गड्या, शेवटाला जो उरंल त्येचा सत्कार कोन करनार?"

"पाहुणे करतील. साखळी जुळली!" मी म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो. एकच खबरदारी घेतली. सुभेदारांना स्टेजपासून लांब ठेवलं. खाली पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी स्टेजवरून काही उलटसुलट बोलावं आणि पाहुण्यांच्या कानावर पडावं, हे मला नको होतं.

कार्यक्रम चारला, मराठी शाळेच्या पटांगणात. लाऊडस्पीकर कोंडीबाचा. त्याच्या मशीनला दोनच पिना. एक माइकची, दुसरी मानसिंगच्या गिटारीची. मानसिंग गळ्यात गिटार अडकवून स्टेजच्या कडेला बसला. सगळं गाव लोटलं होतं. कुणीतरी मला विचारलंसुद्धा, "नवरदेव कवा येनार?"

सरपंचांनी पाहुण्यांना नारळ, टॉवेल, टोपी दिली आणि बोलायला उभे राहिले. ओढ्यावरच्या पुलापासून सुरुवात करून ते पुलावरच राहिले. धोंडिराम दुधाच्या फॅटवर बोलले. लक्ष्मीबाई मोजकं बोलल्या, पण ज्यांची नावं घ्यायची राहिली त्यांची नावं घेतली, आणि ज्यांची नावं घेतली ते सगळे उठून स्टेजवर आले. कारण नाव घेतलं म्हणजे सत्कार!

नारळ संपले. टोप्या आधीच संपल्या होत्या. सयाजी खुर्च्यांच्या मागून रांगत जायचा, सत्कार झालेल्यांच्या पायाजवळचे नारळ हळूच उचलायचा आणि पुढून पुन्हा तबकात ठेवायचा. अप्पासाहेबांनी दोनदा खाली वाकून आपला नारळ शोधला. तिसऱ्यांदा तो त्यांना सापडला, कारण पोस्टमास्तरांचा सत्कार त्याच नारळानं करायला तो त्यांच्याच हातात दिला होता. त्यांनी त्याच्याकडं ओळखीच्या नजरेनं पाहिलं.

ऊन शाळेच्या कौलांवरून उतरलं. माझा जीव टांगणीला लागला. अप्पासाहेब घड्याळ बघत होते, मी अप्पासाहेबांना बघत होतो, आणि मानसिंग मला बघत होता. त्याचे डोळे मला बघवेनात. हेडमास्तरांनी शिक्षणाचा प्रारंभ इंग्रजांपासून केला तेव्हा मी त्यांच्या धोतराचा सोगा ओढायचा, या विचारापर्यंत आलो होतो.

एकदाचे हेडमास्तर बसले. मी माइककडं झेप घेणार एवढ्यात बायकांतून म्हातारी रंगूबाई उठली.

"आवं, समद्यास्नी नारळ दिलं. चीनच्या लढाईला गेलता त्यो नानासो ऱ्हायला न्हवं का? त्यो काय परगावचा हाय?"

टाळ्यांचा कडकडाट. सुभेदार उठले, स्टेजवर आले आणि सावधानमध्ये उभे राहिले. टॉवेल शिल्लक नव्हता. सयाजीनं अप्पासाहेबांच्या खांद्यावरचा काढला तोच सुभेदारांना दिला.

"दोन शब्द बोला," सरपंच म्हणाले.

"मला भाषन येत न्हाई," सुभेदार म्हणाले. "पलटनीत नवं हुतो तवा आमी ठान्यावर एक गानं म्हनायचो. त्ये म्हनतो."

आणि हात मांड्यांना चिकटवून, समोरच्या लिंबाकडं बघत, त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं:

"पेरा झाला, मळनी झाली, सुट्टी मिळंना गं,
बारशापायी पोरगं अडलं, सुट्टी मिळंना गं..."

 दुसऱ्या ओळीला काय झालं कुणास ठाऊक, मानसिंगची बोटं आपोआप तारांवर गेली. आमच्या गाण्यांत वाजवायचा तोच झणझणीत ठेका, पण वडिलांच्या आवाजाखाली असा जाऊन बसला की जणू त्या गाण्यात त्याची जागा आधीपासून रिकामीच ठेवली होती. सुभेदारांनी मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी पोराकडं पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. पण ते एवढंच म्हणाले, "जलद चाल!"

सयाजीनं नारळ टाकून ड्रम गाठला. मग काय विचारता. अख्खं गाव "सुट्टी मिळंना गं" म्हणायला लागलं. आक्काताई पदरानं डोळे पुसत होती. तिच्या बाळाचं बारसं खरंच बापावाचून अडलं होतं, आणि ते बाळ आत्ता गिटार वाजवत होतं. अप्पासाहेब फिरून मांडीवर आलेल्या नारळावर ताल धरून बसले होते. खरं सांगतो, मीही भान विसरून धृपद म्हणत होतो. तेवढ्यात घड्याळ दिसलं आणि भानावर आलो.

गाणं संपता संपता मी माइक ओढला आणि आमचं सगळ्यात फक्कड गाणं सुरू केलं:

"चुकली गं चुकली, विट्याची गाडी चुकली!
पळ पळ पळ, धुरळा उडला..."

आणि फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

अप्पासाहेब ताडकन उठले. पाहुणा उठला की गावानं बसायचं नसतं, त्याला गाडीपर्यंत पोचवायचं असतं. सरपंच उठले, धोंडिराम उठले, लक्ष्मीबाई उठल्या, आणि त्यांच्या मागं सगळं पटांगण उठून फाट्याकडं चालायला लागलं. मी हट्टानं तिन्ही कडवी म्हटली. शेवटचं कडवं कोंडीबानं ऐकलं.

"मशीन बंद करू?" त्यानं विचारलं.

पुढचा आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. मानसिंग तर गिटारीला हात लावीना. भरती तोंडावर आली होती. शनिवारी एसटीतून 'हळदनगरी' आला आणि सोसायटीच्या कट्ट्यावर धोंडिरामांनी तो मोठ्यानं वाचला. सुभेदार पाठीमागं हात बांधून उभे होते.

'खोरेवाडीच्या दि थंडरबोल्ट्स या वाद्यवृंदात मराठी गाण्याला नवी दिशा देण्याचे सामर्थ्य आहे. या वृंदाचे प्रमुख गायक सुभेदार नानासो यांचा गळा रांगडा पण निखळ आहे. त्यांना चिरंजीव मानसिंग यांनी केलेली गिटारीची साथ इतकी जिवंत, की या वाद्याविषयीचे माझे मत मला बदलावे लागले. अखेरीस एका तरुण कार्यकर्त्याने, माझी गाडी आल्याची सूचना रूक्षपणे न देता चालीवर दिली. ही आपुलकी मी विसरणार नाही.'

तो तरुण कार्यकर्ता मी!

पण ते जाऊ दे. चार बरे शब्द मागितले होते, चाळीस आले. अप्पासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी चांगलं म्हटलं होतं. सुभेदारांनी पेपर हातात घेतला, पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"शब्द म्हंजी शब्द," ते म्हणाले. "भरती रद्द."

मानसिंगनं त्या दुपारी इतक्या भाकरी खाल्ल्या की आक्काताईनं दुसऱ्यांदा पीठ मळलं. आम्ही तिघं अंगणात बसून पुढच्या कार्यक्रमांचे मनोरे रचत होतो. सांगली, मग कोल्हापूर, मग पुणं. एवढ्यात सुभेदार बाहेर आले. आम्ही सवयीनं उभे राहिलो.

"पेपरात परमुख गायक कोन म्हनून लिवलंय?"

"तुमी, नाना," सयाजी पुटपुटला.

"मग उद्या पहाटं पाचला तालमीला हजर ऱ्हायाचं. केस कापून."

त्या दिवसापासून दि थंडरबोल्ट्सची तालीम आधी शाळेला पळत फेऱ्या मारून आणि मग गिटारीची तपासणी होऊन सुरू व्हायला लागली. तारेवर धूळ दिसली की पुन्हा एक फेरी. ठेका चुकला की सगळ्यांनी जागच्या जागी कदमताल. सयाजीचे ड्रम म्हशींच्या रेषेत मांडलेले. माझं गाणं कार्यक्रमाच्या शेवटी, पाहुण्यांची गाडी आली की, तेवढंच.

होळीच्या आधी एका सकाळी मानसिंग घरात दिसेना. आक्काताईनं गाव धुंडाळलं. तो सापडला साताऱ्याला, भरतीच्या रांगेत, अंगावर नुसती चड्डी आणि चेहऱ्यावर कैक दिवसांत पाहिलं नव्हतं असं समाधान.

"आरं, तुझ्यापायी एवढं रामायन झालं," मी म्हणालो, "आन् तू सोताहून हितं?"

"चौकशी केली म्या," तो म्हणाला. "हितं रविवारी सुट्टी असती."

तो भरती झाला. तुम्ही विचाराल, मी तिथं काय करत होतो? मी रांगेत त्याच्या मागं उभा होतो. माझी छाती मापात भरली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी तालमीला हजर होतो.