डबीरकाकांचं मत

मैफल संपल्यावर डबीरकाकांना कुणी विचारलं, "कसं काय झालं गाणं?", तर ते चपला शोधता शोधता म्हणायचे, "उद्या सांगतो."

उद्या म्हणजे खरोखरच उद्या. सकाळी सहाच्या सुमाराला कॉलनीत हिंदी पेपर पडायचा. त्याच्या पाचव्या पानावर 'स्वरवेधी' या नावानं लिहिणाऱ्या कुणा गृहस्थांचं परीक्षण असायचं. काका ते आधी उभ्याउभ्या वाचायचे, मग बसून वाचायचे, आणि साडेसहाला आमच्या दोन घरांमधल्या भिंतीशी येऊन आपलं मत सांगायचे. मत हिंदीत असायचं. एरवी घरी मराठीत बोलणारा हा माणूस गाण्याचा विषय निघाला की म्हणायचा, "देखो सुनीता, आलाप में गांभीर्य था, किंतु विस्तार में थोड़ी कृपणता रही." कृपणता म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. "कुछ कमी रही होगी," म्हणाले आणि नळाला पाणी आलं का ते बघायला गेले.

आम्ही नानाखेड्याला, या हिंदी मुलखातल्या गावाच्या टोकाला, राहायला गेलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. बस स्टँडच्या मागे नवीन कॉलनी होत होती, तिथे डबीर आमचे शेजारी. मी शाळेत शिकवत होते, काका पी.डब्ल्यू.डी.मध्ये ड्राफ्ट्समन होते. उंच, किडकिडीत, खिशाला तीन पेन्सिली, तिन्हींना सुईसारखं टोक. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत त्यांना मतं नव्हती असं नाही. कुठल्या दुकानाची कचोरी शिळ्या तेलातली आहे, कॉलनीतला कोणता स्लॅब पहिल्या पावसाळ्यात गळणार, हे ते न विचारता सांगत आणि ते खरं निघे. फक्त गाण्याच्या बाबतीत त्यांचं सगळं छापून यावं लागे. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारात लेखनिक होते. ते हसून म्हणायचे, "दुसऱ्यानं सांगितलेलं नीट अक्षरात उतरवून घ्यायचं, एवढंच आमच्या खानदानाला येतं."

एकदा एका सतारवादनाला मधेच लाईट गेले. जनरेटर बंद पडला, तबलजी वैतागून उठला आणि त्याचं स्वतंत्र वादन झालंच नाही. स्वरवेधींनी बहुधा परीक्षण आधीच लिहून दिलं असावं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की तबल्याच्या एकल वादनानं श्रोते मंत्रमुग्ध झाले. काका आठ दिवस त्या तबल्याबद्दल बोलत होते. शेवटी न राहवून मी म्हटलं, "काका, आपण दोघंही तिथे होतो. तबला झालाच नाही."  ते म्हणाले, "अंधार होता ना. तुझं लक्ष नसेल."

त्यांना कान नव्हता म्हणावं तर तसंही नाही. एकदा रामघाटावर आम्ही दोन्ही घरची माणसं सकाळी गेलो होतो. कुणी एक म्हातारी यात्रेकरू बाई पायरीवर बसून कपडे पिळत होती आणि पिळता पिळता गात होती. राजस्थानकडची असावी. काका पूजेचं तबक हातात घेऊन तसेच उभे राहिले. गुरुजी हाक मारत होते, काकू हाक मारत होत्या, यांचे डोळे भरून आलेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "किती छान गातायत ना?" काका एकदम भानावर आले, तबक सावरलं आणि मला हळूच विचारलं, "कोण आहेत? रेडिओवर गातात का?"

मग कॉलनीत केबल आली. जिथे सरकारी एकच चॅनेल होतं तिथे दिवसभर गाणी लागायला लागली, आणि दर आठवड्याला कुठलं गाणं पहिलं, कुठलं दुसरं, हे टीव्हीच सांगू लागला. काकांची मोठी सोय झाली. पहिल्या नंबरचं गाणं फ्रीगंजच्या बाजारातून कॅसेट आणून ते भक्तिभावानं ऐकत. ते सातव्या नंबरावर उतरलं की ती कॅसेट आमच्याकडे येई. "राहू दे तुमच्याकडे. आता तेवढं चालत नाही ते." परवापर्यंत ज्याच्यावर ते मान डोलवत होते तेच गाणं आमच्या घरी लागलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. आठी खरी असे. त्यांना ते खरोखरच आवडेनासं झालेलं असे.

मी हसायचे त्यांना. पण माझं तरी काय वेगळं होतं? त्या वर्षी मुंबईहून एक मोठे गायक आले होते, त्यांच्या कार्यक्रमाला मी उत्तरार्धात चक्क पेंगले. अर्धा वेळ ते माईकवाल्याला रागावण्यात आणि आपल्या परदेश दौऱ्याबद्दल सांगण्यात घालवत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पेपरात वाचलं, 'ऐतिहासिक'. आणि मी स्टाफरूममध्ये बसून सांगितलं की काय गायले म्हणून सांगू. सांगता सांगता मला ते पटतही गेलं.

त्याच कार्यक्रमाची ही गोष्ट आहे.

डबीरकाकू, मालतीबाई, गायच्या. लग्नाआधी चार वर्षं देवासला कुणा बाईंकडे शिकल्या होत्या. मग लग्न, सासू, दोन मुलींची शिक्षणं, त्यांची लग्नं, यात शिकणं सुटलं, गाणं सुटलं नाही. भांडी लावताना, भाजी निवडताना त्या गुणगुणत. आवाज जाडसर, किंचित घोगरा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या खिडकीसमोर, त्यामुळे माझी कणीक बऱ्याचदा त्यांच्या भजनावर मळून झालेली आहे. काकांनी त्या गाण्याबद्दल काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याचं परीक्षण कुठे येणार?

मराठी समाजाच्या मंडळींनी मुंबईच्या गायकांचा कार्यक्रम ठरवला तेव्हा गावभर पोस्टर लागली. कुठल्याशा टायर कंपनीनं खर्च उचलला होता, त्यामुळे पोस्टरवर गायक लहान आणि टायर मोठं दिसत होतं. रविवारी सकाळची सभा होती. सुरुवातीला अर्धा तास गावातलं कुणीतरी असावं असं ठरलं, आणि समितीतल्या एका बाईंनी मालतीकाकूंचं नाव सुचवलं. काकू आधी नको नको म्हणाल्या. मग महिनाभर दुपारी दार लावून तीन भजनं बसवत राहिल्या. भैरवगढहून ठशांच्या छापाची नवी साडी आणली. काका त्या महिन्यात फार गप्प असत. पेन्सिलींना टोक काढत बसत, काढलेल्या टोकाला परत टोक काढत.

काकू गायल्या. मला चांगलं वाटलं, पण मी शेजारीण, मला वाटणारच. लोक अजून येत होते, खुर्च्या सरकत होत्या, बहुतेकांचे डोळे दाराकडे होते, मोठे गायक आले का म्हणून. काका तिसऱ्या रांगेत पासपोर्टच्या फोटोसारखा चेहरा करून बसले होते. काकूंचं तिसरं भजन संपलं, थोड्या टाळ्या झाल्या, त्या खाली येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. पुढच्या रांगेतल्या कुलकर्णींनी वळून विचारलं, "काय डबीर, कशा गायल्या वहिनी?"

काका म्हणाले, "उद्या सांगतो."

कुलकर्णी हसले. काकूही हसल्या. पण परतताना आम्ही एकाच टेंपोत होतो, आणि नानाखेडा येईपर्यंत काकू आपल्या साडीच्या काठावरचे छाप बोटानं मोजत असल्यासारख्या बसून होत्या. काका बाहेर बघत होते.

सोमवारी सकाळी मी पेपर घ्यायला ओट्यावर आले तर पेपर नव्हता. फाटकाशी जाऊन बघते तर डबीरकाका पलीकडच्या रांगेत एकेका घराच्या व्हरांड्यातून पेपर उचलत होते. बगलेत चांगला गठ्ठा झाला होता. शर्माजी दार उघडून बाहेर आले तेव्हा काका त्यांना म्हणाले, "भाईसाहब, इसमें छपाई ठीक नहीं आई है. बदलवा के लाता हूँ." ज्या माणसानं ऑफिसचा खोडरबरसुद्धा कधी घरी आणला नाही, तो सकाळी सहा वाजता वीस घरांचे पेपर पळवत होता.

मी तशीच मागच्या दारानं काकूंकडे गेले. त्या चहा टाकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पेपर शोधायला आलीस ना? आज मिळायचा नाही कुणाला."

त्यांनी पेपर वाचला होता. रोज साडेपाचला त्या दुधाच्या बूथवर जात, तिथेच पेपरवाला गठ्ठे सोडून लावत बसायचा. त्याच्याकडून घेऊन पाचवं पान पाहिलं, परत दिलं, दूध घेऊन घरी आल्या. मुंबईच्या गायकांवर दोन कॉलम होते. काकूंवर दोन ओळी. त्यांनी त्या मला पाठ म्हणून दाखवल्या, "प्रारंभ में श्रीमती डबीर ने कुछ भजन प्रस्तुत किए. स्वर रसोईघर का है, मंच का नहीं."

 काकू आलं किसत राहिल्या. म्हणाल्या, "खोटं कुठे लिहिलंय? रसोईतच तर गाते मी. त्याचं मला काही वाटलं नाही गं. काल हे रस्ताभर बोलले नाहीत ना, त्याचं वाटलं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. काका एकोणीस वर्षांचे असताना ग्वाल्हेरला मामांकडे एका खासगी बैठकीला गेले होते. गाणाऱ्या बुवांनी एक स्वर लावला आणि यांच्या तोंडून मोठ्यानं दाद गेली. त्या क्षणी बुवांचा आवाज फाटला होता. सगळी बैठक वळून यांच्याकडे बघायला लागली, हशा पिकला, बुवांनी गाणं थांबवून यांना कोपरापासून हात जोडले. मामांनी पुढे किती तरी वर्षं पाहुण्यांना ती गोष्ट सांगितली. "तेव्हापासून हे असे," काकू म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला सांगितलं होतं. म्हणाले, तो फाटलेला स्वरच मला आवडला होता."

पुढच्या दारानं काका आले. गठ्ठा दिवाणाखाली सरकवल्याचा आवाज आला. मग एक पेपर हातात घेऊन ते आत डोकावले. मी आहे हे पाहून जरा बिचकले. काकूंनी हात पुसले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय छापून आलंय हो?"

मला वाटलं, आता हे म्हणतील की काही आलं नाही. तेवढं सोपं होतं, आणि आम्ही दोघींनी ते मानलंही असतं.

काकांनी चष्मा लावला. पाचवं पान उघडलं. "आलंय," म्हणाले. "चांगलं लिहिलंय." आणि वाचायला लागले, "कार्यक्रम का शुभारंभ श्रीमती मालती डबीर के गायन से हुआ. उनके स्वर में... स्वर में गांभीर्य..." इथे थांबले.  पान जरा वर धरलं, त्यामुळे त्यांचा चेहरा आम्हाला दिसेना.

"आवाज जाड आहे," पानामागून आवाज आला. "पण तो बारीक करून दाखवायला त्या जात नाहीत, हे बरं आहे. पहिल्या भजनात हात थरथरत होते. नंतर थांबले. दुसऱ्या भजनात वरच्या स्वराकडे जाताना त्या जरा थबकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आता नाही पोचत. मग पोचतात. ही सवय जुनी आहे. आम्ही भाड्याच्या घरात होतो तेव्हा पोळ्या लाटताना त्या तिथेच थबकायच्या, आणि बाहेरच्या खोलीत आमची पेन्सिल थांबायची. त्या पोचल्या की मग रेघ पुढे जायची."

हिंदी पेपर मराठीत कसा काय लिहायला लागला, आणि स्वरवेधींना डबीरांच्या पोळ्या कशा ठाऊक, हे काकूंनी विचारलं नाही. मांडीवर हात ठेवून त्या ऐकत होत्या.

"श्रोत्यांचं लक्ष दाराकडे होतं," काका वाचत होते, "ही त्यांची चूक आहे. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या तर टाळ्याही वाजवायच्या राहून गेल्या. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. रात्रभर वाटत होतं."

  मग काकूंनी हळूच विचारलं, "एवढंच?"

"नाही, नाही. पुढच्या पानावर आहे ना."

त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. मी चहा बघायला त्यांच्या बाजूला गॅसपाशी आले होते, तिथून मला ते पान स्पष्ट दिसत होतं. त्याच्यावर पाण्याच्या पंपाची पानभर जाहिरात होती, दुसरं एक अक्षर नव्हतं. काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं, वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली.

"तिसरं भजन," ते म्हणाले. "तिसऱ्या भजनाबद्दल तर बरंच लिहिलंय."

काकूंनी खुर्ची थोडी पुढे घेतली. मी चहाखालचा गॅस बंद केला आणि मागच्या दारानं घरी आले.