शुक्रवार पेठेतलं एग सँडविच

पुण्याहून बदलून आलेल्या वैजयंती मॅडमनी डब्याचं झाकण लावलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "तुमच्या सोलापुरात सगळं मिळतं हो, पण चांगलं एग सँडविच काही मिळत नाही."

वाक्य साधं होतं. त्याला उत्तर द्यायची कुणावर सक्ती नव्हती. पण ऑफिसात बदल्यांची कुजबुज सुरू होती. इथला एक माणूस करमाळ्याच्या उपकार्यालयात जाणार हे नक्की होतं आणि कोण जाणार हे मॅडम ठरवणार होत्या. त्यामुळे मॅडम पाणी प्यायल्या तरी सगळ्यांचे कान टवकारायचे. सरकारी महामंडळाचं हे विभागीय कार्यालय नेमकं काय काम करतं, हे तिथल्या माणसांनाही चटकन सांगता आलं नसतं. पण मॅडमना चहात आलं चालतं आणि वेलची चालत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

"मॅडम, आमच्या घरी लई भारी होतं की एग सँडविच," वरिष्ठ लिपिक नागनाथ बोलून गेला.

"खरंच? कोण करतं?"

इथं त्यानं बायकोचं नाव घेतलं असतं तरी निभावलं असतं. पण समोरच्या टेबलावरून रत्नदीप टक लावून बघत होता. करमाळ्यासाठी दोघांचंच नाव घेतलं जात होतं. नागनाथनं छाती पुढं काढली. "मी सोताच करतो, मॅडम."

"वा! मग रविवारी सकाळी येतेच तुमच्याकडे."

आता, करमाळ्यात वाईट काही नव्हतं. उलट नागनाथ तिथूनच जवळच्या केमचा. दुसरा कुणी असता तर घराजवळ बदली मिळाली म्हणून पेढे वाटले असते. पण केममध्ये त्याचे धोंडीरामकाका होते, धोंडीरामकाकांचे सख्खे भाऊ होते, आणि दोघांच्या मधोमध एक बांध होता. तो बांध कुणी कुणाच्या रानात सरकवला, यावर दोघांचं नागनाथच्या लहानपणापासून भांडण चालू होतं आणि दोघांनाही साक्षीला घरातला शिकलेला माणूस हवा होता. नागनाथ दिवाळीला गावी जायचा तो एका जेवणापुरता. करमाळ्यात राहायचं म्हणजे रोज सकाळी दारात एक काका आणि संध्याकाळी दुसरा.

घरी आल्यावर त्यानं शालनला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"तुमी? सँडविच? तुमी च्या करताना दूध उतू घालवताय."

"जमंल की गं. त्यात काय एवढं."

"जमवा मग. बोलला तुमी, करा बी तुमीच. मी निस्ती बघणार."

नागनाथनं मोबाइल हातात घेतला. एका परदेशी दाढीवाल्याचा व्हिडिओ त्याला फार पटला. हा माणूस अंड्याशी इतक्या हळू आवाजात बोलायचा की जणू आत कुणी झोपलंय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सँडविच चांगलं व्हायला अंडं एकदम ताजं लागतं, मेयोनीज घरीच करावं लागतं आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर स्मोक्ड पॅप्रिका लागते, स्पेनची. पॅप्रिका म्हणजे मिरचीच, पण परदेशात शिकून आलेली, एवढं नागनाथला कळलं.

ती शोधत तो नवी पेठ पालथी घालून आला. एका दुकानदारानं त्याच्यापुढं पापडाचे चार प्रकार मांडले. दुसऱ्यानं, "पॅप्रिका व्हय? ते कापडात बघा, समोरच्या दुकानात," असं सांगितलं. समोरच्या दुकानातल्या माणसानं मात्र जराही न हसता विचारलं, "साडीत पायजे का ड्रेस मटेरियलमध्ये?"

पॅप्रिका नाही तर नाही, घरातलं लाल तिखट चिमूटभर टाकू, असं त्यानं ठरवलं. पण अंड्यांच्या बाबतीत तडजोड नको म्हणून केमला फोन लावला. धोंडीरामकाकांनी रविवारी पहाटेच्या गाडीला ओळखीच्या माणसाबरोबर गावरान अंडी पाठवली. कोंबडीनं घातली ती थेट भुश्शाच्या डब्यात. सोबत निरोप होता, "बांधाचं तेवढं बघ."

अंडी उकडून झाली आणि नागनाथ सोलायला बसला. अंडं जितकं ताजं तितकं साल घट्ट चिकटून बसतं, ही गोष्ट दाढीवाल्यानं सांगितली नव्हती. सालीबरोबर पांढरं निघत होतं. पांढऱ्याबरोबर पिवळंही यायला लागलं. काही अंडी उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती, तीच त्यातल्या त्यात बरी.

शालन चहाचा कप घेऊन चौकटीला टेकली. "सोलताय का कोरताय?"

"तू गप गं जरा."

मेयोनीजनं वेगळाच तमाशा केला. थेंब थेंब तेल सोडायचं होतं. नागनाथचा पहिला थेंब वाटीभर पडला. भांड्यात तेल एकीकडं आणि अंडं एकीकडं, दोन काकांसारखं तोंड फिरवून बसलं. दुसऱ्या खेपेला जमलं, पण तोवर तव्यावरचा ब्रेड एका बाजूनं काळा झाला होता. "काळी बाजू आत घालू," नागनाथ स्वतःशीच म्हणाला. अंड्यांचे तुकडे त्यानं मेयोनीजमध्ये लोटले आणि तिखटासाठी स्टुलावर चढून वरच्या फळीकडं हात घातला.

तेवढ्यात बेल वाजली.

तो दचकला. हाताला लागलेला डबा तिरका झाला, झाकण उडालं आणि आतली सगळी शेंगदाण्याची चटणी भांड्यात कोसळली. लसूण आणि लाल मिरची घालून शालननं आदल्याच दिवशी खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली चटणी. पांढरं सारण लालबुंद झालं.

"आता?" नागनाथच्या तोंडून हवाच बाहेर आली.

"आता काय, कालवा," शालन पुटपुटली आणि दार उघडायला गेली. "या या मॅडम, बसा की. पुण्यात आता थंडी असंल न्हाई?"

नागनाथनं कालवलं. ब्रेडला फासलं, काळ्या बाजू आत दडवल्या आणि हात जोडावेत तशी थाळी दोन्ही हातांनी बाहेर नेली. मॅडमनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घास घेतला. नागनाथला करमाळ्याचा एस. टी. स्टँड दिसायला लागला.

"नागनाथ, हे काय आहे? ही चव कसली?"

चटणीचा डबा सांडला, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच. "पॅप्रिका, मॅडम. स्मोक्ड."

"स्पॅनिश?"

"व्हय... म्हणजे हो. स्पेनचीच."

"वाटलंच मला! आणि हा जो खमंगपणा आहे दाण्यासारखा, तो धुरीचा. मी वाचलंय. तिकडे ओकच्या लाकडावर धुरी देतात."

"ओकच्याच," नागनाथ म्हणाला. ओक झाड असतं हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

मॅडमनी तीन सँडविचं खाल्ली. शालन पदराआड तोंड करून आत गेली ती मॅडम जाईपर्यंत बाहेर आली नाही.

सोमवारपासून ऑफिसात नागनाथची पत बदलली. मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "आमच्या नागनाथकडे स्पेनहून पॅप्रिका येते." हिशेब विभागातल्या एकानं स्पेनमध्ये मुलाला नोकरी मिळेल का, असं नागनाथला बाजूला घेऊन विचारलं. करमाळ्याचा विषय निघाला की मॅडम म्हणायच्या, "नागनाथ इथेच हवेत." म्हणजे कोण नको, हे रत्नदीपला बरोबर समजलं.

रत्नदीप स्वस्थ बसणारा नव्हता आणि नागनाथच्या स्पेनवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार असं कळताच त्यानं ऑनलाइन मागवून खऱ्या स्मोक्ड पॅप्रिकेचा डबा मिळवला. स्पेनचा शिक्का असलेला सुंदर लाल डबा. मॅडमच्या टेबलावर डबा ठेवून तो नम्रपणे म्हणाला, "साहेबांना नागनाथभाऊंच्या हातचं सँडविच खाऊ घालू, मॅडम. त्यांना घरून पॅप्रिका आणायचा त्रास नको."

पाहणीच्या दिवशी ऑफिसच्या चहाच्या खोलीत नागनाथ सँडविच करत होता आणि रत्नदीप दारात उभा राहून पहारा देत होता. ह्या खेपेला अंडी बाजारातली, जरा जुनी. ती गुमान सोलली गेली. मेयोनीज जमलं. चिमूटभर पॅप्रिका पडली. सगळं दाढीवाल्यासारखं झालं. साहेबांना द्यायच्या आधी मॅडमनी एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रत्नदीप, ही डुप्लिकेट आहे."

"मॅडम, ओरिजिनल आहे! डायरेक्ट स्पेन! हा बघा शिक्का."

"शिक्का कुणीही मारतं. मी ओरिजिनल खाल्लीय नागनाथकडे. ह्याला नुसता चुलीमागच्या भिंतीचा वास येतोय. साहेबांपुढे हे ठेवणार होतात तुम्ही?"

रत्नदीप पांढरा पडला. त्याच्याकडं बघून नागनाथला राहवलं नाही. माणूस वाईट होता, पण डबा खरा होता. "मॅडम," तो म्हणाला, "रत्नदीपचं बरोबर आहे. त्या दिवशी आमच्या घरी पॅप्रिका नव्हती. शेंगदाण्याची चटणी सांडली होती भांड्यात. मी खोटं बोललो."

मॅडम त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांत कौतुक दाटून आलं. "किती सांभाळून घेता हो सहकाऱ्यांना! पण मला फसवू नका. मी रोज खाणावळीत खाते ती चटणी. ती नुसती तिखट. तिला काय चव आहे? जा, रिक्षा करा आणि तुमची पॅप्रिका घेऊन या. साहेब यायच्या आत."

खरं बोलूनही सुटका होत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? नागनाथ रिक्षानं शुक्रवार पेठेत आला, शालनला एका दमात सगळं सांगितलं. तिनं लोणच्याची एक काचेची बरणी पुसली, चटणी भरली आणि त्याच्या हातात दिली. "न्या. इचारलं तर म्हणा, धुरी जरा कमी बसली."

मोठे साहेब आले. त्यांनी पाहणी केली, म्हणजे सगळ्या खोल्यांतून एकदा चालून गेले आणि मॅडमच्या केबिनमध्ये सँडविचसमोर बसले. पहिला घास घेताच ते सरळ झाले.

"अरे! ही तर आपली शेंगदाणा चटणी!"

मनातून नागनाथला हायसंच वाटलं. मॅडम मात्र गोड हसल्या. "बऱ्याच लोकांना तसं वाटतं, सर. स्पॅनिश स्मोक्ड पॅप्रिका आहे. ओकच्या लाकडावरची. सवय नसली की फरक कळत नाही."

साहेबांनी बरणीकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, समोर उभ्या असलेल्या सगळ्या स्टाफकडं पाहिलं. मग दुसरा घास घेऊन तो बराच वेळ चघळला.

"हां," ते सावकाश म्हणाले. "आता येतोय तो धूर. मागे युरोपच्या दौऱ्यावर खाल्ली होती मी. अगदी हीच." आणि जाताना बरणी गाडीत ठेवायला सांगून गेले.

आठवडा उलटायच्या आत रत्नदीपच्या हाती करमाळ्याचा आदेश पडला. नागनाथ त्याला सोडायला स्टँडवर गेला. ऑफिसात एकच माणूस खरी वस्तू घेऊन आला होता आणि तोच बॅगा उचलून निघाला होता, हे नागनाथला चांगलंच टोचत होतं. गाडी लागेपर्यंत दोघं उसाचा रस प्यायले.

"नागनाथभाऊ, एक सांगा," रत्नदीपनं विचारलं, "खरंच चटणी होती?"

"आईशप्पत."

रत्नदीप हसायला लागला, तो गाडीत बसेपर्यंत हसत होता. नागनाथ खिडकीखाली जाऊन म्हणाला, "तितं केमचे धोंडीराम म्हणून कुणी भेटायला आले तर च्या पाजा. पर बांधाचा विषय काढला, तर तुमाला ऐकू येत न्हाई म्हणून सांगा."

त्यानंतर मुंबईहून साहेबांचा निरोप आला की बरणी संपली. मग साहेबांच्या व्याह्यांना हवी होती. मग मॅडमच्या पुण्यातल्या भिशीला. प्रत्येकाला ओरिजिनलच हवी होती आणि ओरिजिनल फक्त नागनाथकडं मिळत होती. नागनाथनं आणखी दोनदा खरं सांगून पाहिलं. एकदा मॅडम त्याच्या विनयावर बोलल्या. दुसऱ्यांदा, "पुरवठादाराचं नाव सांगायचं नसेल तर राहू द्या," असं म्हणून जरा रागावल्या. तेव्हापासून त्यानं नाद सोडला.

रविवारी दुपारी शालन खलबत्ता घेऊन बसली होती. नागनाथ शेजारी बसून लसूण सोलत होता. तेवढं त्याला नीट जमायला लागलं होतं. कुटण्याचा आवाज खालच्या मजल्यावर गेला तसं तिथल्या केराबाईंनी जिन्यातून हाक मारली.

"शालन, अगं काय कुटतीयास एवढं?"

शालननं घाम पुसला.

"स्पेन!"

खालून केराबाईंचा आवाज आला, "मला बी वाटीभर ठेव गं. भाकरीसंगं बरं लागतंय."