देवाजीभाऊंचा उर्सस

"अस्वल आलं!" असं सांगत कुणी धावत आलं, की देवाजीभाऊ आधी विचारत, "आला का आली?"

पोंभुर्ण्याकडच्या एका वनकचेरीत ते हेडक्लार्क. मी त्यांच्या हाताखाली नवा कारकून. ऐंशीनंतरची ती वर्षं. मोहफुलं पडू लागली, की अस्वलांच्या तक्रारी रोज यायच्या. एकदा मोहाखालून जीव वाचवून, चपला तिथंच टाकून एक म्हातारा आला. भाऊंचा तोच प्रश्न. म्हातारा चिडला, "मी मरता मरता वाचलो, अन् तुमी मले नर का मादी पुसता?"

"बाबाजी, आपल्या मराठीनं त्याले नपुंसक करून ठेवलं. लॅटिनात तसं नाई. नर तो उर्सस, मादी ती उर्सा."

मग म्हाताऱ्याला पाणी देऊन भाऊ विभक्तीवर आले. "उर्सुम म्हंजे अस्वलाले. उर्सी म्हंजे अस्वलाचा." त्याच्या अर्जात त्यांनी 'उर्सीचे पंजे' लिहिलं. साहेबांनी लाल शाईनं खोडलं.

"बरोबर खोडलं," भाऊ हळहळले. "षष्ठी दोनदा लागली."

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "गजानन, सापडलं! संस्कृतातला ऋक्ष, हिंदीतला रीछ अन् हा उर्सस, एकाच मायचे लेकरं!"

"पण भाऊ, हे काऊन शोधून राह्यले तुमी?"

ते मला आपल्या टेबलाशी घेऊन गेले. मग खणातून प्राणिशास्त्राचं जुनं पुस्तक काढलं. त्यांच्या मुलीचं, शीलाचं, नागपूरला कॉलेजात असतानाचं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'उर्सस शब्द आला कुठून? बाबांना विचारायचं.'

"इचारलं होतं तिनं. मी म्हणलो, फालतू गोष्टी सोड, परीक्षेचं पाय. मंग तिनं आपल्या मनानं लगन केलं, अन् मी दार लावून घेतलं. चार वर्सं झाली. आता उत्तर सापडलं, तं सांगू कोनाले?"

"तिलेच लिवा ना, भाऊ."

त्यांनी आंतर्देशीय पत्र लिहिलं. माफी नाही, खुशाली नाही. ऋक्षापासून उर्ससपर्यंत सगळी वंशावळ, खाली विभक्त्या. पत्ता मात्र जपून, वळणदार अक्षरात. पेटीत टाकायला त्यांचा हात उचलेना. मीच टाकलं.

नंतर पोस्टमनची सायकल वाजली, की ते लिहिता लिहिता उठायचे आणि रिकाम्या हातानं परत येऊन बसायचे. तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. एकच ओळ : 'बाबा, आता लांडग्याचं सांगा.'

भाऊंनी ते तीनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"लांडगा जरा कठीन हाये, गजानन," ते म्हणाले, आणि नोकरीत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची सुटी टाकून घरी गेले.