शेजारी नसलेल्या डोंगरावरची सोयरीक

माणूस पारखायचा तर त्याच्या घरी जाऊच नये, त्याच्या शेजाऱ्याकडे जावं, असा मारोतरावांचा दावा होता. गल्लीतल्या पानठेल्यावर अर्धा तास उभं राहिलं की मुलाच्या सात पिढ्या कळतात. या रीतीनं त्यांनी यवतमाळात नातेवाइकांच्या कैक सोयरिकी मोडून दाखवल्या होत्या. जुळवलेली मात्र एकही कोणाला आठवत नव्हती.

आता पाळी त्यांच्या अर्पिताची होती. कपिल तिला मनापासून पसंत होता. तिनं बापाला बजावलंही होतं, "बाबा, यावेळी काही करू नका." पण कपिलच्या वडिलांनी, बाबारावांनी, पुसदचं घर दाखवायचं सोडून दोन्ही घरांना मुक्कामाला बोलावलं कुठं, तर डोंगरमाथ्यावरच्या महागड्या हॉटेलात! खाली नुसतं सागाचं जंगल. ना गल्ली, ना पानठेला.

"काहून बोलावलं असन इथं?" मारोतराव बायकोला म्हणाले. "इचारायले माणूसच नको म्हणून. लय पोचलेला आहे."

"निवांत बोलता येते म्हणून..." विमलताईंनी सुरुवात केली.

"निवांत लपवता येते म्हणून. तू गप बस."

वेटरला विचारावं, तर तो सगळ्यांनाच "बहोत अच्छे लोग है" म्हणे. चांगल्या शिकवलेल्या साक्षीदारासारखा! सकाळी मात्र बागेत एक म्हातारी चहा पिताना दिसली. पंचफुलाबाई. दोन्ही घरांच्या खोल्यांच्या मधली खोली तिचीच. मारोतरावांना देव पावला. डोंगरावर शेजारी सापडला.

कानाशी कुजबुजत त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्या बाजूले सोयरिकीचे पाव्हणे उतरले ना, कसे काय आहेत?"

"चेहरे नाही पाह्यले बापा, पण भित पातळ आहे. माणूस लय वंगाळ. बायको एक बोलली का हा तीन बोलते. चहात खोट, गादीत खोट, हवेतही खोट काढते. आन् घोरते असा, जशी कापसाची जिनिंग सुरू झाली."

मारोतरावांच्या अंगावर काटा आला. असल्या सासऱ्याच्या हाताखाली आपली अर्पिता?

नाश्त्याला बाबारावांनी पोह्यांची बशी पुढे केली, तोच मारोतराव उभे राहिले. "ही सोयरीक होत नाही. जो माणूस बायकोले बोलू देत नाही, त्याच्या घरी मी पोरगी देत नाही."

अर्पिताचे डोळे भरले. विमलताईंनी तोंड उघडलं.

"तू गप बस," मारोतराव गरजले.

पलीकडच्या टेबलावर पंचफुलाबाईंनी मान वर केली. "बाबाराव, तुमाले सांगतलं ना, हाच तो आवाज."

मारोतराव हळूच खुर्चीत टेकले. "म्हंजे तुम्हीबी मावशीले..."

"इचारलं ना, कालच. शेजाऱ्याले इचारल्याबिगर सोयरीक होते का?"

"मंग तुमचा नकार म्हणायचा?"

"नकार कायचा?" बाबाराव म्हणाले. "जवळची तारीख काढा. पोरीले त्या घरातून बाहेर काढणं पुण्याचं काम आहे."

विमलताईंनी पदर सावरला. "भाऊ, तुमच्याकडं आणखी एक खोली रिकामी आहे का?"