माता विश्रांती कक्ष

दुसऱ्याच्या लेकराचा कळवळा येणे ही माणुसकीची सुरुवात आहे. तोच कळवळा महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी आणि गणपूर्ती झाल्यावर येऊ लागला, की त्याला संस्था म्हणतात. आमची अशी एक संस्था आहे. मुलांच्या रुग्णालयाला मदत करणे हे तिचे काम, आणि मी तिचा मानद चिटणीस. मानद म्हणजे बिनपगारी. (हे मी स्वतःहून कधी सांगत नाही. कोणी विचारेपर्यंत थांबतो, आणि फारच वेळ झाला तर विषय काढतो.)

आम्ही एकूण पाच विश्वस्त. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते काही ठरवत नाहीत, आणि ऐकल्यावर बहुधा निकाल राखून ठेवतात. मग बाई. त्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या वॉर्डात शिरल्या की मुले अजून खाटेवर ताठ बसतात, प्लास्टरमधली सुद्धा. मंडळावर वैद्यकीय क्षेत्रातले कोणीतरी हवे म्हणून दातांचे डॉक्टर घेतले आहेत. सोफावाले फर्निचरच्या दुकानाचे मालक. पाचवा मी. सहावी जागा रिकामी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

संस्थेच्या कार्याचा आढावा घ्यायचा तर पहिला मान हत्तीचा. वॉर्डाच्या मोठ्या भिंतीवर आम्ही एक हसणारा हत्ती रंगवून घेतला आहे. सोंड जिथे वर वळते नेमके तिथे ऑक्सिजनच्या नळ्यांचे बोर्ड होते, ते दुसऱ्या भिंतीवर हलवावे लागले. त्यामुळे नळ्या आता दोन खाटांपर्यंत पोहोचत नाहीत, पण हत्ती फार गोड आला आहे.

दुसरा उपक्रम म्हणजे ‘हसरी भेट’. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही फुगे घेऊन वॉर्डात जातो. जेवणानंतर मुले झोपलेली असतात, अशी मेट्रनची जुनी तक्रार आहे. पण सकाळी आम्हा सर्वांना कामे असतात, संध्याकाळी घरचे असते. मुलांच्या आनंदाला दुपारशिवाय वेळच उरत नाही. मग नर्सेस मुलांना हलवून जागे करतात, मुले डोळे चोळत उठून बसतात आणि आम्ही त्यांना आनंद देतो. बाईंनी केलेल्या पाहणीत शंभर टक्के मुले आनंदी आढळली. (पाहणीची पद्धत : ‘आनंद झाला त्यांनी हात वर करा.’ एका मुलाने हात वर केला नाही, पण त्या हाताला सलाईन होती, म्हणून त्याचा होकार गृहीत धरला.)

मात्र ज्या कामासाठी संस्था जन्माला आली ते काम वेगळेच आहे. रुग्णालयात मुलाजवळ एका माणसाला राहता येते आणि त्या माणसाला एक लोखंडी स्टूल मिळते. ते माणूस बहुतेक वेळा आई असते. दिवसा स्टुलावर बसायचे, रात्री स्टुलावर बसायचे, आणि अगदीच पाठ मोडली तर खाटेखाली चादर पसरायची, फरशी पुसणारे येईपर्यंत. हे पाहून आमच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या पाण्यातून ‘माता विश्रांती कक्ष’ उभा राहिला. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली मिळाली. मोठी खिडकी, आतून लागणारे दार, हात धुवायला बेसिन. सोफावाल्यांनी एक लांबलचक सोफा दिला. (रंग थोडा भडक आहे, त्यामुळे दुकानात तो राहून गेला होता. पण झोपलेल्या माणसाला रंग दिसत नाही, हे सोफावाल्यांचे म्हणणे आम्हाला पटले.) दारावर पाटी लागली, फीत कापली, फोटो निघाले.

मग वापराच्या नियमांचा प्रश्न आला. आजी ही माता धरायची का? मावशी धरायची का? दोन आयांना एकाच वेळी झोप आली तर जास्त दमलेली कोणती, हे कोणी तपासायचे? घोरणाऱ्या आयांचे काय? असे प्रश्न घिसाडघाईने सुटत नाहीत. नियम ठरेपर्यंत कक्ष उघडणे शक्य नव्हते. नियम ठरवायला बैठक हवी, बैठकीला खोली हवी, आणि रुग्णालयात रिकामी खोली एकच होती. म्हणून आमच्या बैठका तात्पुरत्या तिथेच होऊ लागल्या. त्या तात्पुरतेपणाला आता काही वर्षे झाली आहेत. एवढ्या काळात सोफ्याची चाचणी मात्र कसून झाली. अध्यक्ष डावीकडच्या कोपऱ्यात बसतात आणि दुसऱ्या विषयाच्या सुमारास डोळे मिटतात. सोफा उत्तम आहे, असा त्यांचा अनुभव आहे.

तर गेल्या ‘हसऱ्या भेटी’च्या वेळी मेट्रनने आम्हाला खिडकीजवळच्या खाटेपाशी नेले. तिथे सात वर्षांची एक मुलगी होती. कमरेपासून घोट्यांपर्यंत प्लास्टर, आणि त्यावर एक अतिशय जागे डोके. वॉर्डात तिला वकीलबाई म्हणत, कारण उलटतपासणी घेतल्याशिवाय ती कोणाला सुई टोचू देत नसे. तिला सारखे कुशीवर वळवावे लागे, रात्रीसुद्धा, आणि ते काम आईचे. आई शिवणकाम करणारी. बाप ट्रकवर, लांबच्या फेरीला. आदल्या दिवशी आई स्टुलावरून झोपेत खाली पडली होती. कपाळावर टेंगूळ होते.

‘सोमवारी हिचं दुसरं ऑपरेशन आहे,’ मेट्रन म्हणाली. ‘त्यानंतर आईला दोन रात्री टक्क जागं राहावं लागणार. ती कोसळली तर पोरीला वळवणार कोण? माझ्याकडे माणसं नाहीत. तेवढी ती खोली हिच्यापुरती तरी उघडा. आजच्या बैठकीत घ्या हा विषय.’

‘घेऊ की,’ अध्यक्ष म्हणाले. ते खरेच हेलावले होते.

बाई मुलीकडे वळल्या. ‘काय हवं गं तुला? फुगा की चित्रांचं पुस्तक?’

‘आईला झोप,’ वकीलबाई म्हणाली.

‘अगं, तुला काय हवं ते सांग.’

‘तेच सांगतेय. ती मला गोष्ट सांगते, आणि राक्षसानं दार उघडलं की झोपून जाते. राक्षस परवापासून दारातच उभा आहे. त्याचेही पाय दुखत असतील.’

आम्ही सगळे हसलो आणि तिला दोन फुगे दिले. तिने एक परत केला.

आम्ही उरलेल्या खाटांवरची मुले उठवत असताना मेट्रनने एक आगाऊपणा केला. बैठकीआधी हवा खेळावी म्हणून कक्षाचे दार मी उघडून ठेवले होते. ते पाहून तिने त्या आईला वर पाठवले. ‘जा, घटकाभर पाठ टेक, मी आहे इथं,’ एवढेच म्हणाली असे कळते. आम्ही वर पोहोचलो तेव्हा ती आई सोफ्यावर गाढ झोपली होती. चपला दाराबाहेर, एकीला एक लावून. पाय पोटाशी घेतलेले. अध्यक्षांचा कोपरा तिच्या डोक्याखाली होता.

आमची माणसे किती कोमल मनाची आहेत, हे त्या दिवशी दिसले. कोणी खाकरले नाही. पाचही जणांनी बूट-चपला काढल्या, खुर्च्या न वाजवता ओढल्या आणि बैठक कुजबुजत सुरू झाली.

‘कक्षाचा वापर सुरू झालेला दिसतो,’ अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले. ‘तसा ठराव झाला होता?’

‘नाही.’

‘मग याला वापर म्हणता येणार नाही. ही नुसती घटना आहे.’

सोफावाल्यांचा चेहरा बापासारखा झाला होता. ‘बघा, कंबर कशी बरोबर बसलीय,’ ते पुटपुटले. ‘मी म्हणतच होतो.’ दातांच्या डॉक्टरांनी जवळ जाऊन, वाकून पाहिले आणि झोपेत ती दात खाते आहे, हे ताणाचे लक्षण आहे, असे तज्ज्ञ मत दिले.

मेट्रनची विनंती चर्चेला आली. सांगायला अभिमान वाटतो, एकही विरोधी सूर निघाला नाही. आजीचा मुद्दा निघाला नाही, मावशीचा निघाला नाही. समोर झोपलेल्या त्या आईकडे पाहून सगळ्यांचे मन विरघळले होते. कक्ष आजपासून खुला करावा, असे सोफावाले म्हणाले. हात वर जायला निघाले. माझा तर खांद्यापर्यंत पोहोचला होता.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘एक मिनिट. आपल्यावर नेहमी काय आक्षेप असतो? की आपण आयांना न विचारता आयांबद्दल ठरवतो.’

वर निघालेले हात खाली आले, कारण आक्षेप खरा होता.

‘रास्त मुद्दा आहे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देणं मला जन्मात जमलेलं नाही. आणि इथं तर आई आयतीच समोर आहे.’

अशा रीतीने त्या मातेस विश्रांतीची गरज आहे किंवा कसे, हे विचारण्यासाठी तिला उठवावे, असे एकमताने ठरले.

उठवण्याचे काम सोपे गेले नाही. अध्यक्षांनी दोनदा ‘अहो’ म्हटले. सोफावाल्यांनी सोफा हलकेच हलवला, पण तो दणकट निघाला. डॉक्टरांनी खांद्याला हात लावून, सवयीने, ‘आ करा’ म्हटले. शेवटी बाई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘उठा बघू!’ आणि ती आई एकदम उभीच राहिली. तिला कळेना आपण कुठे आहोत. समोर पाच माणसे, सगळी अनवाणी, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर अपार माया.

‘घाबरू नका,’ अध्यक्ष म्हणाले. ‘अगदी मोकळेपणानं सांगा. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, असं तुम्हाला वाटतं का?’

तिने सोफ्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, हाताने केस सारखे केले. कपाळावरचे टेंगूळ निळे पडले होते.

‘नाही हो साहेब,’ ती म्हणाली. ‘चुकून डोळा लागला. पुन्हा नाही होणार.’

‘म्हणजे गरज नाही?’

‘नाही साहेब. मी जागी राहते, मला सवय आहे. पोरीला तेवढं काढू नका इथून.’

‘छे छे, भलतंच काय!’ आम्ही पाचही जण एका आवाजात म्हणालो. तिला धीर यावा म्हणून बाईंनी बशीतले बिस्कीट तिच्या हातावर ठेवले. ते धरून, वाकून, चपलांत पाय सरकवत ती निघाली. जिन्यात कठडा धरून ती जरा वेळ तशीच उभी राहिली, हे मी दारातून पाहिले. मला फार वाईट वाटले. तसे मी इतिवृत्तात लिहिलेही.

ठराव पुढीलप्रमाणे झाला : ‘लाभार्थी मातेस प्रत्यक्ष विचारले असता, तिने पूर्ण जागेपणी, कोणत्याही दबावाशिवाय, विश्रांतीची गरज नसल्याचे सांगितले. सबब कक्षाची मागणी मातांकडून नसून मेट्रनकडून आहे, असे निदर्शनास आले. कक्ष तूर्त बैठकांसाठी राहील. सदर मातेच्या स्वावलंबनाबद्दल तिला पुढील हसऱ्या भेटीत प्रशस्तिपत्रक देण्यात यावे.’ सर्वांना हलके वाटले. अध्यक्ष आपल्या कोपऱ्यात बसले आणि दुसऱ्या विषयाच्या सुमारास त्यांनी डोळे मिटले.

निघताना माझ्या हातात वकीलबाईने परत केलेला फुगा होता. तिला तो पुन्हा द्यावा म्हणून मी वॉर्डात गेलो. खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आतून बोलणे ऐकू आले, म्हणून मी थांबलो. (चोरून ऐकणे हा माझा स्वभाव नाही. मी फक्त हललो नाही.)

‘मग? राक्षस दारातून आत आला?’

‘आला. एक नव्हता गं. पाच होते.’

‘खाल्लं तिला?’

‘छे. फार मायाळू होते. पाय न वाजवता आले, तिला हळूच उठवलं आणि विचारलं, बाई, तुला झोप येते का?’

हा राक्षस वकीलबाईला नवा असावा. मलाही तो कोण ते कळले नाही.

‘आणि गावातली बाकीची माणसं? ती काय करत होती?’

‘ती बघत होती. त्यांना फार वाईट वाटलं.’

‘मग?’

‘आई, मग?’ असे ती पुन्हा म्हणाली, या वेळी अगदी हळू आवाजात. मग मला स्टुलाची कुरकुर ऐकू आली आणि मुलीने कोणाच्या तरी केसांवरून हात फिरवावा तसा आवाज. फुगा खाटेच्या दांडीला बांधून मी बाहेर पडलो. फुगा फुटून कोणी जागे होऊ नये, म्हणून गाठ अगदी सैल मारली.

आता ती सहावी जागा. आमच्या नियमावलीत विश्वस्ताला पात्रता एकच आहे : ‘अर्जदारास दुसऱ्याचे दुःख पाहून मनापासून वाईट वाटलेले असावे. त्यानंतर त्याने काही केलेले असण्याची आवश्यकता नाही.’ आपण बसल्या जागी इथपर्यंत वाचलेत, मधे दोनदा हसलात आणि शेवटी आपल्याला वाईट वाटले, म्हणजे आपली मुलाखत झाली असे समजावे. पुढच्या पहिल्या शनिवारी दुपारी या. आपली जागा सोफ्यावर उजवीकडे धरून ठेवली आहे. मी परवा बसून पाहिली. उबदार आहे.