फुग्याचं झाकण

भाऊ ठोंबरे कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत शिरत. हातपाय धुवायला नव्हे, तिथला प्लॅस्टिकचा तांब्या वाकवून बघायला. तांब्या, साबणाची डबी, बादलीचा काठ, जे हाताला लागेल ते अंगठ्याने दाबायचं, वाकवायचं आणि कानाशी नेऊन ऐकायचं. वस्तू कडकन मोडली तर दम यजमानालाच. "असली तापट वस्तू घरात ठेवता? पोराबाळांचं घर हाय तुमचं!" एका साखरपुड्यात त्यांनी मुलीकडच्यांच्या साबणाच्या डब्या एकामागून एक निकालात काढल्या होत्या. तरी लोक त्यांना बोलावत, कारण दुसऱ्या दिवशी भाऊ फॅक्टरीतल्या नव्या डब्या घेऊन स्वतः दारात हजर होत.

ही फॅक्टरी खालापूर तालुक्यातली, खोपोलीच्या रस्त्याला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी तिथे टायपिंग करायचो आणि पळसदरीहून सायकल मारत यायचो. भाऊ दहिवलीचे, मोल्डिंगचे, म्हणजे प्लॅस्टिक साच्यात घालून वस्तू काढणाऱ्या खात्याचे मुख्य. नम्रपणाशी त्यांची ओळख नव्हती. "मशीन माजं ऐकतं, शेठ मशीनचं ऐकतात," असं ते शेठसमोरच म्हणायचे आणि शेठ हसायचे. आम्ही गाड्यांच्या मुठी, बटणं, हॉर्नची झाकणं, मधूनच साबणाच्या डब्या असलं प्लॅस्टिकचं किडुकमिडुक बनवायचो.

भाऊंच्या लेखी प्लॅस्टिकचे स्वभाव दोनच, तापट आणि सोशीक. तापट म्हणजे वरून चकचकीत, पण जरा दुखवलं की तुकडे करून अंगावर येणारं. सोशीक म्हणजे दिसायला म्हशीच्या कातडीसारखं, पण किती वाकवा, मोडणार नाही. "फाटलं तर चालंल, फुटाय नको," हे त्यांचं ब्रीदवाक्य. पँटपासून लग्नापर्यंत ते कशालाही लावत.

एक दिवस शेठ मुंबईहून परदेशी काम घेऊन आले. मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये म्हणे एक फुगा घडी करून ठेवलेला असतो. गाडी धडकली की तो फुगून चालवणाऱ्याच्या छातीवर येतो आणि माणूस वाचतो. त्या फुग्यावरचं झाकण आपण करायचं. आपल्याकडे तेव्हा असला फुगा कुणी पाहिलेला नव्हता.

"फुगा? जत्रंतला?" भाऊंनी विचारलं.

शेठनी समजावलं. झाकण उन्हात, थंडीत वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे, पण फुगा आला की आखलेल्या रेघेवरच उघडलं पाहिजे. एक कपचीसुद्धा उडता कामा नये, समोर माणसाचं तोंड असतं. सँपल पसंत पडलं तरच काम मिळणार होतं.

"म्हंजी जन्मभर गप बसायचं आन् टाइमाला दार उघडायचं," भाऊ म्हणाले. "करू की."

त्या दिवसापासून त्यांना झपाटलंच. प्लॅस्टिकच्या दाण्यांत रबराचे दाणे मिसळून झाकणं काढायची आणि त्यांचे हाल करायचे. परीक्षेची यंत्रं आमच्याकडे नव्हती, पण भाऊंकडे अख्खा तालुका होता. कर्जतला विटा नेणाऱ्या टेंपोच्या बॉनेटला झाकणं बांधून त्यांनी ती खड्ड्याखड्ड्यांतून नाचवली. उन्हासाठी कॅन्टीनच्या पत्र्यावर, कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंच्या तांदळाच्या पापडांशेजारी वाळत घातली. पहिल्या खेपेला रबर जास्त झालं होतं. झाकणं दुपारी मऊ, चिकट होऊन पापडांना मिठी मारून बसली आणि बाईंनी सगळ्या फॅक्टरीचा चहा बंद केला. "चुकलं माजं. जास्तीच लाड झालं त्याचं," भाऊ पत्रा खरवडत म्हणाले.

थंडीची परीक्षा कर्जतच्या बाजारात व्हायची. ओळखीच्या मच्छीवालीच्या बर्फाच्या पेटीत, पापलेट-बोंबलांच्या मधे, आमची झाकणं झोपलेली असत. "भाऊ, ह्याचं कालवण कसं करतात रं?" ती विचारायची. त्यानंतर मोल्डिंग खात्याला बोंबलाचा वास यायला लागला तो कायमचाच.

अखेर सँपल न्यायचा दिवस आला. काढलेल्या झाकणांतलं एक चकचकीत शेठना फार आवडलं होतं, भाऊंच्या पसंतीचं मात्र खरबरीत, काळपट. एका चौकटीत झाकण बसवलं, मागे फुग्याऐवजी टायरची ट्यूब, ट्यूबला हवेच्या कॉम्प्रेसरची नळी. समोर स्टुलावर माणसाच्या डोक्याऐवजी तांबडा भोपळा. आधी शेठचं झाकण, नुकतंच बर्फातून काढलेलं. मी हवेचा कॉक फिरवला. धाडकन आवाज झाला आणि बोटभर कपची भोपळ्यात विळीसारखी रुतली.

शेठ पांढरेफटक पडले. "हे काम आपलं नाही," ते म्हणाले. "उद्या कुणाच्या डोळ्यात गेलं तर? जमणार नाही म्हणून कळवून टाकू."

"माजं बघा की आधी."

"नको, भाऊ. भोपळ्याला काय कळतंय? माणसाचं तोंड निराळं."

भाऊंनी बर्फातलं आपलं झाकण काढून चौकटीत बसवलं. भोपळा उचलून बाजूला ठेवला आणि स्टुलावर स्वतः बसले.

"सोड रं हवा," ते मला म्हणाले.

मी नाही म्हणालो. शेठ ओरडले. भाऊ हलेनात. "आमी बनवलं, आमीच समोर बसाय नको? सोड!" कॉक मी फिरवला की तो आपोआप फिरला, मला आजही सांगता येणार नाही.

झाकण रेघेवरून फाटलं. दोन्ही पाकळ्या दारासारख्या बाजूला झाल्या, ट्यूबने भाऊंच्या तोंडावर सणसणीत थप्पड मारली आणि ते स्टुलासकट उताणे झाले. आम्ही धावलो. नाक लाल, टोपी गायब, पण तोंडावर ओरखडासुद्धा नाही. शेठनी त्यांना खाली बसूनच मिठी मारली आणि भाऊंचंच सँपल पाठवायचं ठरलं.

शेठ गाडी काढायला गेले आणि माझा राग उफाळला. "भाऊ, अक्कल आहे का? काही झालं असतं तर घरच्यांनी काय करायचं होतं?"

"घरी हाय कोण?" ते सहज म्हणाले. इतकी वर्षं बोलणारा हा माणूस घरचं कधी बोललाच नव्हता. "बायको गेली. पोरगा आखातात हाय, डायवर. भरधाव चालवतो, लहानपनापास्नं तसाच. गेला तो आला नाय." मग त्यांनी विचारलं, "तू पत्रं टायपतोस ना? ह्या गाड्या तिकडं जातात काय रं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्या माणसासमोर जीभ वळेना. "माहीत नाही, भाऊ," मी म्हणालो.

"नसंल जात तर नसंल," ते म्हणाले. "जिकडं जाईल तिकडं कुनाचा तरी पोरगाच बसंल ना त्या झाकनामागं."

फाटलेल्याच्या जोडीचं, पाठवायचं झाकण त्यांनी हातात घेतलं. खोका तयार होता, रद्दी तयार होती. भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यात ते झाकण नीट गुंडाळलं आणि खोक्यात ठेवून वरून हलकेच थोपटलं.