चेअरमनचा मोगरा

शहादेव चेअरमननं घरामागं मोगरा लावला आणि त्याच दिवशी घरापुढच्या दूध सोसायटीच्या ओट्यावर जाहीर करून टाकलं, "वैशाखात रुक्मिणीचं वर्षश्राद्ध हाय. तिच्या फोटोला घरचा गजरा घालीन! अख्खी सोसायटी चालवली, एक झाड जगवायला काय लागतंय?"

रुक्मिणीबाई तीस वर्षं एक मोगरा मागत होती आणि हा गडी दरवेळी म्हणायचा, "प्यायला पाणी न्हाई, अन् तुला फुलं!" बायको गेल्यापासून तेच त्याला खात होतं.

टँकर आठवड्यातून दोनदा. चेअरमननं आंघोळीला काट मारली आणि रोज एक तांब्या मोगऱ्याला घालू लागला. पंधरवड्यात पानं पिवळी पडली! "तहानलंय बिचारं," म्हणून त्यानं चहा सोडला, दोन तांबे केले. पानं गळायला लागली!

त्यात नवंच लचांड. दूध घालायला येणारी माणसं तांब्या लपवून आणू लागली. दुधात पाणी! चेअरमननं पारूबाईला धरलं.

"तांब्या कावून आणला?"

"असाच, दादा."

लॅक्टोमीटर बुडवला. दूध चोख! केसरबाईचं चोख, बद्रीनाथचं तर त्याहून चोख! मग पाणी जातंय कुठं?

दुसऱ्या दिवशी तो मागच्या दाराआड दबून राहिला. बघतो तर काय, दूध घातलं की एकेक जण गुपचूप मागं येतोय आणि मोगऱ्याच्या बुडाशी तांब्या रिता करतोय! चेअरमन धावला. खोड धरलं, तर झाड हातातच आलं. मुळं काळी, सडलेली.

"बुडवलं की बे!" तो बद्रीनाथवर ओरडला. "सारा जिल्हा पाण्यावाचून मरतोय, अन् माझं झाड पाण्यानं मेलं!"

बद्रीनाथ खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, मी एकलाच घालतोय."

"मला बी तसंच वाटलं," मागोमाग तांब्या घेऊन आलेली पारूबाई म्हणाली. "वैनीनं माझी दोन बाळंतपणं काढली, दादा. पानं पिवळी दिसली, मग राहवलं न्हाई."

चेअरमनचा राग कुठल्या कुठं गेला. तो तिथंच चिखलात बसला आणि पोरासारखा रडू लागला.

"रडू नका, दादा. दुसरं रोप आणू."

"रोपाचं न्हाई गं, पारूबाई. असल्या दुष्काळात सगळ्या गावाकडं तिच्यासाठी तांब्याभर पाणी निघालं. माझ्याकडंच तीस वर्षं निघालं न्हाई."